हाताने चालणारा शेपर: छोट्या वर्कशॉपसाठी तो घ्यावा का, आणि घेताना काय तपासावे?

रबाळे एमआयडीसीतील एका गाळ्यात पंप, कन्व्हेयर आणि गिअरबॉक्स यांच्या दुरुस्तीची कामे घेणाऱ्या एका फिटरने तीन गोष्टी विचारल्या आहेत. वागळे इस्टेटमधील एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून हाताच्या लिव्हरने चालणारा, टेबलावर बसणारा छोटा शेपर, म्हणजे टूल पुढेमागे सरकवून धातू रंधणारे यंत्र, मिळतो आहे, तो घेण्यासारखा आहे का. घेतला तर त्यावर पुलीचे आणि कपलिंगचे कीवे, म्हणजे त्यांना शाफ्टवर पक्के धरणाऱ्या कीसाठीच्या खाचा, काढता येतील का. आणि असे यंत्र उचलून थेट कारखान्यात, कामाच्या जागी नेता येईल का. वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये शेपर, स्लॉटिंग आणि फिटिंगच्या कामात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

या यंत्राचे खरे मोल कशात आहे, ते आधी नीट समजून घ्यावे. सुताराचा रंधा ज्या लाकडावर चालतो त्याच लाकडावर टेकतो, म्हणून लाकडाचा उंचसखलपणा काही प्रमाणात त्याच्या वाटेत उतरतो. शेपरचे टूल मात्र जॉबवर टेकून चालत नाही. ते रॅमला, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या भागाला, बांधलेले असते आणि रॅम स्वतःच्या डव्हटेल स्लाइडवर सरकतो. त्यामुळे जॉब कितीही वेडावाकडा असला तरी टूलची वाट स्लाइडच ठरवते. कानशीने सपाटी आणायची तर ती कारागिराच्या मनगटातून यावी लागते. शेपरवर ती यंत्राच्या सरळपणातून येते आणि हाताला फक्त जोर पुरवावा लागतो. म्हणूनच मोटर नसली तरी चांगल्या स्थितीतला हँड शेपर अचूक काम देतो, आणि स्लाइड झिजलेला शेपर मोटर लावूनही देत नाही.

हाताने चालणे हा या जातीच्या यंत्रांचा कमीपणा समजू नये, कारण त्यांची सुरुवातच तशी झाली. मँचेस्टरच्या रिचर्ड रॉबर्ट्स यांनी १८१७ च्या सुमारास केलेले धातू रंधण्याचे यंत्र हातानेच फिरवायचे होते, आणि ते आजही लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे. त्यात टूल स्थिर राही आणि जॉब बांधलेले टेबल पुढेमागे सरके. उलट, जॉब स्थिर ठेवून टूलच चालवणारा शेपर जेम्स नॅस्मिथ यांनी १८३६ मध्ये आणला. पुढे विसाव्या शतकात छोट्या वर्कशॉपसाठी लिव्हरचे हँड शेपर ब्रिटनमध्ये बरेच बनले. शेफिल्डच्या पोर्टास यांचा ‘अ‍ॅडेप्ट’ हा त्यांतला सर्वांत परिचित. आपल्याला मिळणाऱ्या यंत्रावर कोणाचेही नाव असो किंवा नसो, त्याची किंमत नावावरून न ठरवता स्लाइडवरून ठरवावी.

आता मर्यादेचा हिशेब, कारण निर्णय त्यावरच आहे. माइल्ड स्टील पातळ कट लावून कापताना, कापल्या जाणाऱ्या चिपच्या दर चौरस मिलिमीटर छेदाला साधारण ३०० किलोचा जोर लागतो. समजा, कटची खोली ०.२ मिलिमीटर आणि दर स्ट्रोकला फीड, म्हणजे जॉबचे बाजूला सरकणे, ०.२५ मिलिमीटर ठेवले, तर छेद होतो ०.०५ चौरस मिलिमीटर आणि टूलवर जोर येतो सुमारे १५ किलो. लिव्हरचे प्रमाण एकास चार असेल तर हातावर चार किलोच्या आसपास भार पडतो. स्लाइडचे घर्षण धरून थोडा अधिक. एवढा भार माणूस अर्धा तास सहज ओढू शकतो. मात्र मोटरच्या शेपरची सवय असलेला कारागीर अर्धा मिलिमीटर खोली आणि एक मिलिमीटर फीड लावून मोकळा होतो, आणि चिप जाड म्हणून दर चौरस मिलिमीटरचा जोर कमी धरला, तरी त्या कटाला इथे हातावर प्रत्येक स्ट्रोकला पंचवीस ते तीस किलो येतात. तो कट चार-पाच स्ट्रोकच्या पुढे जात नाही, आणि जोर लावताना यंत्र टेबलासकट हलू लागते ते वेगळेच. लिव्हर लांब करूनही सुटका होत नाही, कारण १०० मिलिमीटरच्या स्ट्रोकसाठी एकास चार प्रमाणात हात आधीच ४०० मिलिमीटर फिरतो. प्रमाण आणखी वाढवले की प्रत्येक स्ट्रोकला सगळे अंग पुढेमागे हलवावे लागते.

वेळेचाही हिशेब असाच करावा. १०० मिलिमीटर रुंदीचा पृष्ठभाग ०.२५ च्या फीडने रंधायचा तर ४०० स्ट्रोक लागतात. मिनिटाला ३० स्ट्रोक ही टिकणारी गती धरली तर एका कटाला तेरा-चौदा मिनिटे जातात. दोन मिलिमीटर माल काढायचा असेल तर असे दहा कट, म्हणजे दोन तासांहून अधिक. म्हणून ढोबळ माल हॅकसॉ, कटर किंवा ग्राइंडरने आधी काढावा आणि शेपरसाठी जेमतेम अर्धा मिलिमीटर ठेवावा. एकेक नगाची कामे, छोटे सपाट पृष्ठभाग, डव्हटेल, व्ही-खाचा, टी-खाचा, कीवे, जिगचे ठोकळे यांसाठी हे यंत्र उत्तम आहे. एकाच प्रकारचे पन्नास नग करून द्यायचे असतील तर ते काम बाहेर मिलिंगवाल्याकडे पाठवावे. त्यात कमीपणा काही नाही आणि पैसेही वाचतात.

मंद गतीचा एक फायदा मात्र घेण्यासारखा आहे. हाताने १०० मिलिमीटरचा पुढचा स्ट्रोक साधारण सेकंदभरात होतो, म्हणजे कापण्याची गती मिनिटाला सहा मीटरच्या आसपास राहते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल माइल्ड स्टीलवर याच्या तिप्पट-चौपट गती सहन करते, त्यामुळे टूल तापून धार जाण्याचा प्रश्न जवळजवळ उद्भवत नाही. उलट कार्बाइडचे टूल इथे लावू नये. या गतीला त्याचा काही उपयोग नाही आणि प्रत्येक स्ट्रोकच्या सुरुवातीला बसणाऱ्या ठोक्याने त्याच्या धारेचे टवके उडतात. मंद गतीचा तोटा असा की माइल्ड स्टीलचे कण टूलच्या टोकाला चिकटून पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा येतो. त्यावर उपाय म्हणजे ब्रशने कटिंग ऑइल लावत राहणे, टूलची धार ऑइलस्टोनवर नीट मारणे आणि शेवटचा कट ०.०५ मिलिमीटरचा, गोल नाकाच्या टूलने घेणे. बीड (कास्ट आयर्न) कोरडेच कापावे. पण ओतकामाच्या कातडीत वाळू आणि कठीण थर असतो, म्हणून पहिला कट त्या कातडीच्या खाली जाईल एवढा लावावा, भले फीड त्यासाठी कमी करावे लागले तरी. कातडीवर नुसते घासत राहिल्यास टूल काही मिनिटांत बोथट होते. पितळेसाठी टूलचा वरचा कोन शून्य ठेवावा, नाहीतर ते जॉबमध्ये घुसते. माइल्ड स्टीलसाठी वरचा कोन १२ ते १५ अंश आणि पुढचा क्लिअरन्स ४ ते ५ अंश पुरेसा होतो.

आता विकत घेण्यापूर्वीच्या तपासणीकडे येतो. जाताना मॅग्नेटिक बेसचा डायल गेज, एक ग्राउंड पॅरलल आणि बिडाचा एक ठोकळा सोबत न्यावा. रॅम पूर्ण पुढे सरकवून टूल हेडवर गेज लावावा आणि रॅमला हाताने आडवे व वरखाली दाबून पाहावे. काटा ०.०३ मिलिमीटरच्या आत हलला तर यंत्र चांगले समजावे; ०.१ च्या पुढे गेला तर गिब (स्लाइडमधली ढिलाई घालवणारी पट्टी) आवळून पुन्हा पाहावे. येथेच खरी पारख होते. हँड शेपर बहुतेक वेळ छोट्या स्ट्रोकवर चाललेला असतो, त्यामुळे स्लाइड सर्वत्र सारखी न झिजता मधल्या पट्ट्यात अधिक झिजते. गिब मध्यावर बेताने आवळली की रॅम टोकांना अडकतो आणि टोकांना मोकळा ठेवला की मध्ये ढिला पडतो. असा रॅम विक्रेता कितीही तेल घालून सरकवून दाखवो, त्या स्लाइडला स्क्रेपिंग, म्हणजे उंच जागा हाताने खरवडून सपाट करणे, लागणारच. ते काम आपल्याला येत असेल, किंवा उंच जागा दाखवणारा निळा रंग (ब्लू) लावून स्क्रेपिंग करणारा जुना फिटर ओळखीचा असेल, तरच असे यंत्र घ्यावे.

दुसरी महत्त्वाची जागा म्हणजे क्लॅपर बॉक्स. मागच्या स्ट्रोकला टूल उचलले जावे आणि पुढच्या स्ट्रोकला अगदी त्याच जागी बसावे, एवढेच त्याचे काम. पण त्याची पिन ढिली असली तर टूल दर वेळी थोडे वेगळ्या जागी बसते आणि पृष्ठभागावर रेघा उमटतात, ज्याचे खापर लोक टूलवर फोडतात. टूल बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवून पाहावे. पिन झिजलेली असेल तर छिद्र रीम करून मोठी पिन घालणे सोपे असते, म्हणून केवळ या दोषासाठी यंत्र नाकारू नये. क्रॉस फीडच्या स्क्रूचा बॅकलॅशही (मोकळा फिरण्याचा ढिलेपणा) असाच दुरुस्त होण्याजोगा दोष आहे. टेबलाच्या टी-स्लॉटच्या ओठांना भेग किंवा ब्रेझिंगचा सांधा दिसला तर मात्र सावध राहावे, कारण तिथे कोणीतरी बोल्ट बेसुमार आवळलेला असतो आणि त्याच हिसक्याने टेबलाची बैठक वाकलेली असू शकते.

सगळे पाहून झाल्यावर सोबत नेलेला बिडाचा ठोकळा व्हाइसमध्ये बांधून तिथेच एक पूर्ण कट घ्यावा. रंधलेल्या पृष्ठभागावर ग्राउंड पॅरलल ठेवून उजेडात फट पाहावी, आणि शक्य असेल तर ठोकळा परत आणून सरफेस प्लेटवर गेजने फिरवावा. एका टोकाला पृष्ठभाग खोल गेलेला असेल तर रॅम बाहेर जाताना खाली झुकतो आहे. विक्रेता कट घेऊ देत नसेल तर सौदा सोडून द्यावा.

आपला दुसरा प्रश्न कीवेचा आहे आणि माझ्या मते आपल्या धंद्यात या यंत्राची किंमत त्यातूनच वसूल होईल. २५ मिलिमीटर बोअरच्या (मधल्या छिद्राच्या) पुलीचे उदाहरण घेऊ. आयएस २०४८ या भारतीय मानकानुसार २२ ते ३० मिलिमीटर शाफ्टला ८ गुणिले ७ ची की बसते; शाफ्टमध्ये खोली ४ मिलिमीटर आणि हबमध्ये (पुलीच्या मधल्या भागात) ३.३ मिलिमीटर. इथे नवा माणूस हमखास ८ मिलिमीटर रुंदीचे टूल घासून पूर्ण रुंदीचा कट लावतो. स्टीलच्या हबमध्ये त्या टूलला दर स्ट्रोकला ०.०५ फीड (इथे ते खोलीच्या दिशेने) दिले तरी छेद ०.४ चौरस मिलिमीटर होतो, म्हणजे टूलवर १२० किलो. हात तर थकतोच, पण बोअरमधून लांब बाहेर आलेला टूलचा दांडा वाकतो, धार उसळते आणि कीवेच्या तळाला लाटा पडतात. त्याऐवजी ३ मिलिमीटर रुंदीचे टूल घ्यावे आणि ०.०३ चे फीड द्यावे. तेव्हा जोर तीस किलोच्या आत येतो आणि लिव्हरवर सात-आठ किलो. आधी मधला पट्टा पूर्ण खोलीपर्यंत न्यावा, मग दोन्ही बाजूचे पट्टे, आणि शेवटी दोन्ही भिंतींवरून अगदी हलका कट. एका पट्ट्याला सुमारे ११० स्ट्रोक, म्हणजे तिन्ही मिळून साडेतीनशेच्या आत. बिडाची पुली असेल तर जोर जवळपास निम्मा लागतो.

बोअरच्या आतल्या कामाला क्लॅपर लॉक करावा लागतो, नाहीतर दांड्याच्या लांबीमुळे टूल आत डुलते. लॉक केल्यावर मागच्या स्ट्रोकला टूल तळाशी घासते, म्हणून परतताना फीड अर्धा फेरा मागे घ्यावे; वेळ थोडा जातो, पण धार टिकते. शेवटची खोली आल्यावर फीड न देता सात-आठ स्ट्रोक नुसतेच मारावेत. दांडा वाकल्यामुळे शिल्लक राहिलेला माल या स्ट्रोकमध्ये सुटतो आणि कीवे एका टोकाला उथळ राहत नाही. खोली मोजताना कीवेच्या कडेपासून मोजू नये, कारण बोअरच्या गोलाईमुळे ती कड नेमकी कुठे धरायची हेच ठरत नाही. समोरच्या भिंतीपासून कीवेच्या तळापर्यंत व्हर्नियर लावावा. इथे तो २८.३ मिलिमीटर दाखवायला हवा. ४ आणि ३.३ मिळून ७.३ होतात आणि कीची उंची ७ आहे, म्हणजे कीच्या माथ्यावर ०.३ मिलिमीटर मोकळीक उरते. ती उरलीच पाहिजे. घट्टपणा कीच्या बाजूंना हवा. माथ्यावर की टेकली तर हब एका बाजूला ढकलला जातो, पुली केंद्रातून सरकते आणि मग बेल्ट का उडतो ते कोणालाच कळत नाही.

आरपार नसलेल्या बोअरमध्ये कीवे जिथे संपतो तिथे आधी ड्रिलने छिद्र किंवा आत गोल खाच करून ठेवावी, म्हणजे टूलला बाहेर पडायला जागा मिळते आणि चिप तुटते. ही जागा नसेल तर चिप टोकाशी साचत जाते आणि काही स्ट्रोकमध्ये टूल मोडते.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे येणारी बहुतेक कामे ६, ८ आणि १० मिलिमीटरच्या ठरावीक कीवेंचीच असतील, तर शेपरआधी तीन पुश ब्रोच (बोअरमधून दाबून खाच कापणाऱ्या दातेरी पट्ट्या), त्यांचे बुश आणि त्या दाबायला एक आर्बर प्रेस घेण्याचा विचार करावा. तेही हातानेच चालते आणि कीवे काही मिनिटांत, एकसारखा येतो. शेपर लागतो तो वेडेवाकडे माप, टेपर की, स्प्लाइन, मोठी बोअर किंवा ब्रोचच्या पोचाबाहेरचा हब आला की. लेथ आधीपासून असेल तर टूल आडवे बांधून, स्पिंडल पक्का अडवून आणि कॅरेज हाताने पुढेमागे नेऊनही कीवे निघतो. मात्र तो सगळा जोर कॅरेजच्या रॅक-पिनियनवर येतो, म्हणून ती युक्ती कधीतरीच्या कामापुरती ठेवावी.

गाळ्यात यंत्र कुठे बसवावे, हेही इथेच सांगतो. पातळ पत्र्याच्या टेबलावर शेपर ठेवला तर टेबल डुलते आणि ते डुलणे थेट पृष्ठभागावर उमटते. जाड अँगलचे, भिंतीला किंवा जमिनीला अँकर केलेले स्टँड करावे, आणि लिव्हरची मूठ छातीच्या थोडी खाली येईल एवढी उंची ठेवावी, म्हणजे ओढताना खांद्याऐवजी अंगाचे वजन कामाला येते. ठाण्याच्या खाडीलगतच्या हवेत पावसाळ्यात उघडी स्लाइड एका रात्रीत तांबूस होते; पाण्यात मिसळायचे सोल्युबल ऑइल या यंत्रावर वापरू नये, आणि संध्याकाळी चिप झाडून स्लाइडवर ६८ ग्रेडच्या स्लाइडवे ऑइलचा हात फिरवावा.

तिसरा प्रश्न, कामाच्या जागी नेण्याचा. टेबलावरचा शेपर दोन माणसे उचलून टेम्पोत घालू शकतात, पण तो तिथे नेऊन उपयोग होत नाही, कारण त्यात जॉब यंत्राच्या टेबलावर यावा लागतो. साइटवर शाफ्टचे कीवे काढायला नेण्याचे यंत्र वेगळ्या रचनेचे असते: त्याची बैठक व्ही आकाराची असते, ती साखळीने शाफ्टलाच आवळतात, आणि छोटी स्लाइड शाफ्टच्या लांबीला समांतर चालते. वाफेच्या इंजिनांच्या काळात व्हॉल्व्हचे बसायचे पृष्ठभाग सिलिंडर न उतरवता अशाच, जॉबला बांधायच्या हातयंत्रांनी रंधत असत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांत या प्रकाराला आजही अर्थ आहे. तिथे ग्राइंडर आणि वेल्डिंगला हॉट वर्क परमिट (ठिणग्या उडणाऱ्या कामाची परवानगी) लागते आणि काही विभागांत ते मिळतच नाही. मंद गतीने, तेल लावून, हाताने घेतलेला कट त्या मानाने खूप सुरक्षित असतो. तरीही परवानगी गृहीत धरू नये. वीज तोडून कुलूप लावणे, लाइन रिकामी करणे आणि कोल्ड वर्क परमिट घेणे हे आधी, आणि त्या जागी कट घ्यायचा की नाही हे सेफ्टी ऑफिसर ठरवणार.

असे व्ही-बैठकीचे यंत्र आपण स्वतःही बनवू शकता, आणि त्यासाठी मोडीत निघालेल्या लेथची कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) चांगली चालते. स्क्रू काढून तिथे लिव्हर जोडावा, खाली व्ही-ब्लॉक बोल्टने बसवावा, आणि साखळीच्या दोन्ही टोकांना आवळायचे बोल्ट द्यावेत. टूलला खोली देण्यासाठी वर एक छोटी उभी स्लाइड मात्र वेगळी बसवावी लागते. शाफ्टवर बांधल्यावर स्लाइडच्या दोन्ही टोकांना गेज लावून ती शाफ्टशी ०.०५ मिलिमीटरच्या आत समांतर आहे ना, हे पाहिल्याशिवाय पहिला कट घेऊ नये. शाफ्टच्या मधोमध संपणाऱ्या कीवेच्या टोकाला, ज्या रुंदीचा कीवे त्याच रुंदीचे, कीवेइतके खोल (८ मिलिमीटरच्या कीला ४ मिलिमीटर), सपाट तळाचे छिद्र आधी करून ठेवावे, आणि टूलचा स्ट्रोक त्या छिद्राच्या मध्यावर संपेल असा स्टॉपर लावावा.